धुळ्याहून आणलेलं पेडल

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास मी जळगावच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होते. गिटार माझ्या मोठ्या भावाची. कॉलेजात असताना त्यानं ती हौसेनं नाशिकहून आणली आणि नोकरी लागल्यावर कपाटावर टाकून दिली. मी ती खाली काढली, पुसली, आणि कॅसेटी ऐकून ऐकून शिकले. ऑर्केस्ट्राचे मालक वडिलांच्या ओळखीचे. त्यांचं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं आणि सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. एकदा घरी आले असताना त्यांनी मला वाजवताना ऐकलं आणि वडिलांना सांगितलं, मुलीला आमच्याकडे पाठवा, न्यायची-आणायची जबाबदारी माझी. पुढच्याच कार्यक्रमाच्या पोस्टरवर छापलं होतं, ‘खास आकर्षण : लेडीज गिटारिस्ट’. नाव नव्हतं. वडिलांनी तेवढी अट घातली होती.

त्या काळच्या नाचाच्या गाण्यांत गिटारचा एक आवाज हमखास असायचा. तार छेडली की ती नुसती वाजत नाही, ‘वाव’ असं बोलते. गिटारला तोंड आहे आणि कुणीतरी ते उघडतंय-मिटतंय असं वाटतं. लोकांना तो आवाज पाठ होता. आम्ही तसलं आमचं ठरलेलं गाणं सुरू केलं की पहिल्या रांगेतली पोरं तोंडानंच ‘वाव वाव’ करत आणि मग माझ्याकडे बघत.

माझ्याकडे तो आवाज नव्हता. मी त्याची नक्कल करत होते. गिटारच्या अंगावर आवाज जाड-बारीक करायचं एक गोल बटण असतं. उजव्या हातानं तार छेडायची आणि त्याच हाताच्या करंगळीनं ते बटण गर्रकन फिरवायचं. घरी बसून हळू चालीत ते जमायचं. स्टेजवर, ढोलकी आणि बोंगो अंगावर आल्यासारखे धावत असताना, करंगळी घामानं घसरायची. मग एकतर ‘वाव’ निसटायचं, नाहीतर तार छेडायचं प्लेक्ट्रम हातातून उडून खाली पडायचं. पाचोऱ्याच्या कार्यक्रमात ते भर गाण्यात दोनदा पडलं. दुसऱ्यांदा मी वाकून उचलू लागले तेव्हा पोरं हसली. परतीच्या टेम्पोत नाना म्हणाले, पायानं चालवायचं मशीन असतं ना ते, ते आता आणायचंच.

ते मला ठाऊक होतं. मुंबईचा एक ऑर्केस्ट्रा जळगावात आला होता, तेव्हा त्यांच्या गिटारवाल्याच्या बुटाखाली मी ते पाहिलं होतं. मोटारीच्या ॲक्सिलरेटरसारखं पेडल. टाच दाबली की आवाज घशात जातो, चवडा दाबला की उघडतो. हात मोकळे राहतात. कार्यक्रम संपल्यावर मी मुद्दाम जवळ गेले, पण तो वायर गुंडाळण्यात गुंतलेला होता. वाह पेडल म्हणतात, एवढंच त्यानं मान वर न करता सांगितलं.

जळगावात असलं काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबईला जायचं तर नानांना दुकान सोडवत नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी बातमी आणली की धुळ्याचा एक ऑर्केस्ट्रा मोडला, त्यांचा गिटारवाला सुरतेला कापड रंगवायच्या, डाइंगच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि त्याच्या घरी दोन पेडल विकायची आहेत. दोन आहेत हे ऐकून मला फार बरं वाटलं. म्हणजे वाजवून बघता येईल, निवडता येईल. मी गिटार पिशवीत घातली आणि थंडीतल्या एका सकाळी नाना आणि मी पारोळ्यावरून जाणारी एस.टी. पकडली.

धुळ्यात घर सापडलं. गिटारवाल्याची आई एकटीच होती. तिनं पाणी दिलं, मग आम्हाला मागच्या खोलीत नेलं. तिथं जुना ॲम्प्लिफायर होता आणि त्यावर फडक्यात बांधलेली दोन पेडल. मी गिटार काढली, वायर लावली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

दारातून ती म्हणाली, ‘‘लाइट नही शे, बेटी. सकायपाईन गयेल शे.’’

लाइट कधी येईल ते तिला माहीत नव्हतं. तारांची दुरुस्ती चालू आहे, संध्याकाळ होईल, असं शेजारी म्हणत होते. मी नानांना म्हटलं, थांबू या. नानांचं दुकान बंद होतं आणि दुसऱ्या दिवशी लग्नाची ऑर्डर होती. ते म्हणाले, बघून घे ना, वाजवून काय बघायचं.

मग मी चप्पल काढली आणि दोन्ही पेडल जमिनीवर ठेवून पायानं बघू लागले. एक चकचकीत होतं, स्टीलच्या भांड्यासारखं, उंच आणि वजनाला हलकं. दुसरं काळं, रंग उडालेलं, बसकं. चकचकीत पेडलवर पाय ठेवला की ते फरशीवर पुढं सरकायचं, आणि त्याची हालचाल मध्येच अडखळायची, बिजागरी गंजलेल्या दारासारखी. काळं जागचं हलत नव्हतं. टाचेपासून चवड्यापर्यंत पाय एकसारखा खाली जायचा, जिथं थांबवावा तिथं थांबायचा. आवाज ऐकला नव्हता, तरी माझ्या पायाला कळलं होतं. मी म्हटलं, नाना, हे काळं.

नानांनी दोन्ही उचलून उजेडात धरली. काळं लगेच खाली ठेवलं. चकचकीत पेडल त्यांनी रुमालानं पुसलं आणि त्यात स्वतःचा चेहरा बघितला.

‘‘स्टेजवर हे दिसेल,’’ ते म्हणाले. ‘‘ते काळं कुणाला दिसणार आहे?’’

मी म्हटलं की ते बघायची नाही, वाजवायची वस्तू आहे. ते हसले. माझ्याशी वाद घालायचा नसला की ते हसायचे. त्यांनी गिटारवाल्याच्या आईला विचारलं, तुमचा मुलगा कुठलं वाजवायचा? तिला ते सांगता येईना. तिला दोन्ही सारखीच. मी पुन्हा म्हटलं, निदान दोन्ही नेऊ या, एक परत करू. नाना तोवर चकचकीत पेडल वर्तमानपत्रात गुंडाळत होते. वाजवणार मी होते आणि त्या खोलीत माझं मत सोडून सगळं विचारात घेतलं गेलं. परतताना एस.टी.त ते पेडल माझ्याच मांडीवर होतं आणि ते खिडकीतून बाहेर फेकावं असं मला पारोळ्यापर्यंत वाटत राहिलं.

घरी आल्यावर वाजवून बघितलं. ‘वाव’ होतं, नाही असं नाही. पण ते शेवटी, एकदम यायचं. पाय अर्ध्याच्या पुढं जाईपर्यंत आवाज नाक दाबल्यासारखा, आणि मग धाडकन उघडा. मधलं काहीच नाही. ज्या गाण्यासाठी ते आणलं त्यात सगळी मजा त्या मधल्या वाटेची होती. शिवाय पाय हलवला की खरखर. मी रोज संध्याकाळी सराव केला. पाय नेमका कुठं थांबवला की बरं वाजतं ते शोधलं, पण ती जागा इतकी अरुंद होती की दर दुसऱ्या वेळी चुकायची. गॅलरीत कपडे वाळत घालणारी आई म्हणाली, आधीचं करंगळीचंच बरं होतं. ते ऐकून मी जास्तच चिडले, कारण ते खरं होतं.

पेडलचा पहिला कार्यक्रम पिंपळनेरला, एका लग्नाच्या स्वागत समारंभात होता. मी नानांना आधीच विचारलं होतं की पंजाबी ड्रेस घालू का, पेडलवर पाय दिसला पाहिजे, मोकळा राहिला पाहिजे. ते म्हणाले, लोक लेडीज गिटारिस्ट बघायला येतात, साडीच हवी, जरीची. मी साडी नेसले. संध्याकाळी दिवे लागले, मांडव भरला, नानांनी माइकवर पेडलची ओळख करून दिली. थेट मुंबईचं मशीन, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पाय ठेवला, चवडा दाबला, टाच दाबली. पुन्हा चवडा दाबायला गेले तर पाय उचलेना. साडीचा काठ पेडलच्या फटीत अडकला होता. मी ओढलं तसं हलकं पेडल साडीबरोबर उचललं जाऊन माझ्या पायाला लोंबकळू लागलं. एका हातात गिटार, दुसऱ्या हातानं निऱ्या धरलेल्या. गाणं चालूच होतं, गायक मागं वळून बघत होता. ढोलकीवाल्यानं वाकून काठ सोडवला. मी पुन्हा सुरू केलं, आणि पाय अर्ध्यावर गेला तसा स्पीकरमधून एका माणसाचा आवाज आला. रेडिओवर शेतीविषयक कार्यक्रम चालू होता. पेडल स्टेशन पकडत होतं. कापसावरच्या बोंडअळीबद्दलचं एक अख्खं वाक्य मांडवभर ऐकू गेलं.

लोक पोट धरधरून हसले. नवरा-नवरीही हसली. मी पेडलची वायर काढली, गिटार सरळ ॲम्प्लिफायरला लावली आणि गाणं साधंच पुरं केलं. नाना माइकवर काहीतरी विनोद करत होते. टेम्पोत त्यांनी मला सांगितलं की मला ते नीट वापरता येत नाही, सराव कर. मी म्हटलं, धुळ्याला जाऊन बदलून आणू या, ते काळं आणू या. ते म्हणाले, आता आणलंय ना, तेच चालव.

मी ते आमच्या चौकातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं उघडलं, डोकं खाजवलं, आठवडाभर ठेवून घेतलं. परत दिलं तेव्हा स्टेशन पकडणं कमी झालं होतं, पण आतली एक वायर उलटी जोडली गेली होती. चवडा दाबला की मिटायचं, टाच दाबली की उघडायचं. मी परत गेले तर तो म्हणाला, काय फरक पडतो, पाय उलटा चालवा. मला रडू येत नव्हतं, नुसता राग येत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवसांत मी घरी सांगून एकटीच धुळ्याला गेले. एकटीनं एवढा लांबचा प्रवास मी तोवर केला नव्हता. आईनं भाकरी बांधून दिली आणि दिवस बुडायच्या आत परत ये म्हणून बजावलं. ऊन असं होतं की एस.टी.च्या खिडकीची दांडी धरवत नव्हती. माझा विचार सरळ होता. चकचकीत पेडल द्यायचं, काळं घ्यायचं, वर काही द्यावं लागलं तर शिकवण्यांतून साठवलेलं माझ्याकडे होतं. नानांना नंतर सांगायचं.

या वेळी दार गिटारवाल्यानंच उघडलं. सणासाठी सुरतेहून आला होता. तिशीच्या आतला, बारीक, बोटांच्या पेरांना रंग चढलेला. मी कोण ते सांगितलं आणि पिशवीतून पेडल काढलं तसा तो ओशाळल्यासारखा झाला.

‘‘हे कशाला नेलंत ताई?’’ तो म्हणाला. ‘‘हे मला पण कधी आवडलं नाही.’’

लाइट होती. त्यानं काळं पेडल फडक्यातून सोडलं, नवा सेल घातला आणि माझ्यापुढं ठेवलं. मी गिटार लावली आणि पाय ठेवला. ते माझ्या पायाला आधीच माहीत होतं, आता कानाला कळलं. आवाज तळापासून हळूहळू उघडत गेला, आधी ‘ऊ’, मग ‘ओ’, मग ‘आ’, आणि मी जिथं पाय थांबवेन तिथं तो थांबत होता. खरखर नाही. चवड्याखालचं बटण दाबून बंद केलं की गिटारचा साधा आवाज जसाच्या तसा परत. मी ते गाणं वाजवलं. मग दुसरं. तो भिंतीला टेकून ऐकत होता, त्याचा उजवा पाय जमिनीवर माझ्याबरोबर हलत होता.

थांबले तेव्हा मी विचारलं, बदलून देता का? काय द्यायचं ते सांगा.

त्यानं पेडल उचलून परत फडक्यावर ठेवलं. स्वयंपाकघरातून त्याची आईच बोलली.

‘‘त्यानं मन नही व्हस इकाले. मीच दखाडं तुमले, माले काय माहीत.’’

म्हणजे काळं विकायचं नव्हतंच. तिनं मला थंडीत दाखवलं ते चुकून. सुरतेला त्याच्या खोलीत सहा जण राहत होते, तिथं वाजवायला जागा नव्हती, गिटारसुद्धा त्यानं विकून टाकली होती. पण पेडल त्याच्यानं सुटत नव्हतं. एवढंच राहिलंय, तो म्हणाला. मला ते समजलं. समजल्यामुळे राग गेला असं मात्र नाही. गिटार नसलेला माणूस पेडल धरून बसला होता आणि गिटार असलेली मी रिकाम्या हातानं परत जाणार होते. मी पुन्हा विचारलं, थोडं लाजत. त्यानं नाही म्हणून मान हलवली, तीही माझ्याकडे न बघता.

मग बहुतेक त्यालाच अवघडल्यासारखं झालं. त्यानं चकचकीत पेडल उघडलं. उलटी जोडलेली वायर सरळ केली, आतलं खरखरणारं बटण साफ केलं, स्टेशन पकडू नये म्हणून गिटारपासून पेडलपर्यंत आखूड वायर बनवून दिली. घसरू नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. एकदम उघडतं त्याला काही करता येणार नाही, त्याची जातच तशी आहे, असं त्यानं सांगितलं. त्याच्या आईनं जेवायला बसवलं. पुरणपोळी आणि आमरस होता. मी जेवले, पण सगळा वेळ माझं लक्ष मागच्या खोलीच्या दाराकडे होतं.

जळगावला आले तर दुसऱ्या दिवशी नानांनी मला दुकानात बोलावलं. काउंटरवर नवा कोरा कीबोर्ड होता. कुणाकरवी तरी परदेशातून मागवला होता. त्यांनी एक बटण दाबलं आणि त्यातून गिटार वाजली, ‘वाव’सकट. सुरेख नव्हती, पण चुकत नव्हती.

‘‘तुझा पाय मोकळा झाला,’’ नाना खूश होऊन म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की मी धुळ्याला जाऊन पेडल दुरुस्त करून आणलंय. एकटी गेलीस, असं त्यांनी विचारलं. बाकी काही विचारलं नाही. त्यांना मी ऐकून बघा म्हटलं, तर गिऱ्हाईक आलं.

पुढचा कार्यक्रम असोद्याला, एका साखरपुड्याचा, दुपारी चारचा. ते गाणं आता कीबोर्डवर होतं आणि मी मागं उभं राहून साधी साथ करत होते. मी नानांच्या मागं लागले. एक गाणं, फक्त एक, पेडलवर. कंटाळून ते म्हणाले, मध्यंतरात वाजव, चहाच्या वेळी. मी त्या दिवशी न विचारताच पंजाबी ड्रेस घालून गेले होते. 

चहा सुरू झाला आणि मांडव रिकामा झाला. सगळे कपबश्यांकडे गेले. पुढच्या सतरंजीवर काही म्हाताऱ्या बायका तेवढ्या बसून होत्या, गुडघ्यांमुळं उठायचा कंटाळा म्हणून. मी पेडल पुढं ओढलं, पाय ठेवला आणि सुरू केलं. ट्यूबच्या तुकड्यांमुळं ते घसरलं नाही. रेडिओ आला नाही. ती अरुंद जागा मी इतक्या महिन्यांत पायात मुरवली होती. एकदम उघडायच्या आधीच्या त्या जागेवर मी आवाज धरला, सोडला, पुन्हा धरला. ढोलकीवाला चहा टाकून आला आणि बसला. मला वाटतं, माझ्या आयुष्यात ते गाणं मी तितकं चांगलं पुन्हा वाजवलं नाही.

संपल्यावर एका म्हातारीनं हात वर करून विचारलं, ‘‘माय, हे पायानं वाजतं का हातानं?’’

मी म्हटलं, दोन्हीनं. तिनं शेजारणीला ते समजावून सांगितलं. तिला आणखी एकदा ऐकायचं होतं. पण लोक परतू लागले होते, नाना माइक घेऊन पुढं आले आणि त्यांनी कीबोर्डची ओळख करून द्यायला सुरुवात केली.

त्या दिवाळीनंतर मी ऑर्केस्ट्रा सोडला. भांडण झालं नाही. नानांनी दोनदा निरोप पाठवला, मी परीक्षेचं कारण सांगितलं. पेडल त्यांचं होतं, पण त्यांनी ते परत मागितलं नाही, बहुधा विसरले. मी घरी वाजवत राहिले. आमच्या चाळीत भिंतीला भिंत लागून घरं, त्यामुळं आई सारखी सांगायची, हळू वाजव. मी हळू वाजवायची. पण हळू वाजवलं तर त्या पेडलचा आवाज उघडतो की नाही तेच कळत नाही. त्याला थोडी जागा लागते, थोडा दणका लागतो, आणि तो मला पुढं कित्येक वर्षं कुठं करता आला नाही.